टापांचा पुरावा कुठे आहे?

जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. तेव्हा, आणि त्याआधीही कितीतरी महिने, महाराष्ट्रात एकच प्रश्न गाजत होता: ही तीच का? साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती आणि ज्या पेटीत ती ठेवली तिच्यावरच्या मजकुरात शिवाजी महाराजांचं नाव आहे, इतकं कळतं. अफजलखानावर चालली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालयच सांगतं. वादात राजकारण होतं, हेवेदावे होते, आवाज चढले होते. तरी मला तो वाद मोलाचा वाटतो. मुठीत मावेल एवढ्या पोलादी वस्तूकडे साडेतीनशे वर्षांमागचा दाखला मागायला लोक शिकले, ही चांगलीच गोष्ट झाली.

आणि हेच लोक एखाद्या नव्याकोऱ्या, ‘अनुभव’ देणाऱ्या शस्त्रदालनात शिरतात तेव्हा काय होतं? डोक्यावरच्या स्पीकरमधून घोड्यांच्या टापा येतात. एक हिनहिनाट, तलवारीवर तलवार आपटल्याचा खणखणाट, शिंगाचा लांब सूर, आणि मागे सिनेमात लढाईआधी येतो तसला पुरुषी आवाजांचा घुमारा. काही मिनिटांनी लूप पुन्हा पहिल्यापासून सुरू. काचेमागच्या तलवारीखाली पाटी असते: काळ, लांबी, कुणाकडून मिळाली. टापांखाली पाटी नसते. कुठल्या घोड्याच्या टापा या? दख्खनचा भीमथडी तट्टू अंगाने लहान आणि काटक. त्याची टाप आडमाप विलायती घोड्यासारखी पडेल का? जमीन कुठली, सह्याद्रीचा कातळ की युरोपातला कुठला तरी फरसबंद रस्ता? नाल ठोकलेले खूर की बिननालीचे? की घोडा नव्हताच, कुणी स्टुडिओत नारळाच्या करवंट्या आपटल्या? सिनेमावाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलंय, आणि सिनेमात ते चालतं.

हे विचारलं की ध्वनिरचना करणारी मंडळी समजूतदारपणे हसतात. ते वातावरण आहे हो, म्हणतात. वातावरणाला कसला पुरावा मागता?

माझं भांडण या एका उत्तराशी आहे. संग्रहालयात ऐकू येणारा आवाज हे भूतकाळाबद्दल केलेलं विधान असतं. ‘असं होतं’ असं तो सांगतो, आणि पाटीवरच्या अक्षरांपेक्षा जास्त जोरात सांगतो, कारण पाटी न वाचता पुढे जाता येतं, कान मात्र मिटता येत नाहीत. म्हणून त्याला वस्तूइतकाच दाखला लागतो. टिपलेला असेल तर कुणी, कुठे, कधी. रचलेला असेल तर कशावरून. कल्पिलेला असेल तर कुणी. हे ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे. यात कलेचा गळा कुठे घोटला जातो, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण हा विषय काढला की मला लगेच शांतताप्रेमींच्या पंगतीत बसवलं जातं. संग्रहालयात आवाज नकोच, तिथे पावलंसुद्धा दबकत टाकावीत, असं मानणारा एक वर्ग आहे. त्या वर्गाशी माझं जमत नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२मध्ये लोकांसाठी उघडलं, ते राणीच्या बागेला लागून. बागेत आलेली कुटुंबंच्या कुटुंबं, पोरांचा कलकलाट, एकमेकांना हाका, ‘अगं हे बघ’ म्हणत काचेवर टेकवलेली बोटं, यातूनच आपल्याकडे संग्रहालय बघण्याची रीत घडली. ओठांवर बोट ठेवलेला प्रेक्षक हा त्यातला फार थोडा भाग. तेव्हा आवाज हवाच. प्रश्न तो कुठला, कुणाचा आणि कशाच्या बळावर, एवढाच आहे.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ, कारण किरकोळ मुद्दे खोडून जिंकण्यात काही अर्थ नाही. ते म्हणतात, संग्रहालयातलं सगळंच रचलेलं असतं. देवळातली मूर्ती चौथऱ्यावर आणून ठेवता, तिच्यावर बाजूने दिवा सोडता, मागची भिंत गडद रंगवता. मूळ गाभाऱ्यात ना तो दिवा होता ना ती भिंत. त्याला खोटं म्हणत नाही, मग चार पक्ष्यांच्या किलबिलाटालाच का म्हणता?

मुद्दा ऐकायला चोख आहे, पण त्यात एक घसरगुंडी आहे. गडद निळी भिंत पाहून ‘अकराव्या शतकात गाभारा निळा होता’ असं कुणीही समजत नाही. दिवा वस्तू दाखवतो. तो स्वतः त्या काळातला असल्याचा आव आणत नाही. घंटेचा नाद, मंत्रांचा घोष, टापा, रणशिंग हे तसे नाहीत. ते त्या काळातलेच म्हणून कानावर येतात, नाहीतर त्यांचं तिथे कामच काय? भिंतीच्या रंगाशी आवाजाची बरोबरी करायची तर मग तो तितकाच निरर्थ ठेवा: नुसता एखादा स्वर, खोलीचा घुमार. टापा वाजवायच्या आणि पुरावा मागितला की ‘आम्ही तर फक्त रंग लावला’ म्हणायचं, हे चालणार नाही.

हा वाद हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. २०१८मध्ये पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने त्या निमित्ताने एक ध्वनिरचना मांडली: ११ नोव्हेंबर १९१८, सकाळचे अकरा, तोफा थांबल्या तो क्षण. कोडा टू कोडा या लंडनच्या ध्वनिसंस्थेने ती केली होती. ऐकण्याची पद्धतही कल्पक. एका पट्टीवर कोपरं टेकवायची, तळव्यांनी कान झाकायचे, आणि हाडांमधून चढणारी थरथर ऐकायची. आधी तोफांचा भडिमार, मग तो विरळ होत थांबतो, आणि त्या पोकळीत पक्षी गाऊ लागतात. ज्यांनी ऐकलं त्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, हे कबूल करायला हरकत नाही.

रचनेचा आधार खरा होता. महायुद्धात शत्रूची तोफ कुठे आहे हे तिच्या आवाजावरून शोधायचं तंत्र विकसित झालं. ब्रिटिश सैन्यात ते काम लॉरेन्स ब्रॅग या तरुण नोबेल विजेत्याने उभं केलं. रांगेने काही मायक्रोफोन ठेवायचे, तोफेचा धक्का प्रत्येकाला किती उशिराने पोचतो हे सरकत्या फिल्मवर रेघांच्या रूपात टिपायचं, आणि फरकावरून अंतर-दिशा काढायची. विल्यम टकर याने या कामासाठी तापलेल्या तारेचा मायक्रोफोन बनवला. त्याची खुबी ही की तो तोफेच्या खोल, जड धक्क्याला दाद देई. बोलण्याला, बारीक-तीव्र आवाजांना जवळजवळ बहिरा असे. तसाच तो हवा होता. मोझेल नदीजवळच्या अमेरिकन आघाडीवरची युद्धसमाप्तीची अशी एक फिल्म छापील रूपात आपल्यापुढे आहे. डावीकडे सहा रेघा वेड्यावाकड्या थरथरतायत, उजवीकडे त्या जवळपास सरळ. म्युझियमने याच चित्रावरून आवाज उभा केला.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, पक्षी. जे यंत्र पाखरांना मुळातच बहिरं होतं, त्याच्या नोंदीत पाखरं असणं शक्य नाही. ती रचनाकारांनी घातली. नोव्हेंबरच्या सकाळी, महिनोन्‌महिने भाजून निघालेल्या त्या रानात पक्षी गायलेही असतील. तसं कुणा शिपायाने डायरीत लिहिलं असेल तर त्या डायरीचा दाखला द्या. दुसरी गोष्ट मला जास्त डाचते. हे चित्र अमेरिकन युद्धखात्याच्या ‘अमेरिकाज म्युनिशन्स’ या १९१९च्या ग्रंथात छापलं, तेव्हा त्याखाली एक प्रांजळ ओळ होती: फरक ठसठशीत दिसावा म्हणून अकराच्या ठोक्याच्या अलीकडची-पलीकडची मिनिटं पट्टीतून कापून टाकली आहेत. म्हणजे भडिमार आणि शांतता यांच्यामधला तो श्वास रोखून धरायला लावणारा क्षण मुळात कात्रीने बनवलेला आहे. आणि त्याच ओळींच्या आसपास अशीही नोंद आहे की उजवीकडच्या शांततेत एका रेघेवर दोन बारीक झटके दिसतात, ते बहुधा कुणा आनंदलेल्या शिपायाने मायक्रोफोनजवळ झाडलेल्या पिस्तुलाच्या दोन गोळ्यांचे. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत जिवंत आवाज तो आहे. वाचलो, या आनंदात कुणीतरी हवेत दोन बार काढतोय! जगभर फिरली ती मात्र पाखरं.

म्युझियमने किंवा रचनाकारांनी ही पुनर्रचना आहे हे लपवलं नव्हतं, ते न्यायाने सांगायलाच हवं. दालनात पाटी होती. पण आवाज पाटी दालनात टाकून बाहेर पडला. फोनवरून फोनवर गेला, आणि ‘महायुद्ध संपलं त्या क्षणाचं खरं रेकॉर्डिंग’ म्हणून लाखो लोकांनी ते ऐकलं. आज आपल्याकडेही ते कुठल्या ना कुठल्या गटात ११ नोव्हेंबरला येतंच. वस्तू चोरून नेता येत नाही, पाटीही सहसा तिच्याजवळच राहते. आवाज मात्र प्रेक्षकाच्या खिशातून निघून जातो. म्हणूनच त्याचा दाखला भिंतीवर लटकवून भागत नाही, तो आवाजाच्या आतच असावा लागतो. सुरुवातीला एका माणसाच्या आवाजात दोन वाक्यं पुरतात: हे अमुक नोंदीवरून रचलं आहे, पक्षी आम्ही घातले आहेत. ‘त्याने जादू जाते’ असं म्हणतात. ज्या जादूला दोन खरी वाक्यं सोसवत नाहीत, ती संग्रहालयात आणायची कशाला?

‘पण कुणाच्या लक्षात येणार आहे?’ हा पुढचा प्रश्न, बहुधा हळू आवाजात विचारलेला. जुन्या हॉलिवूडपटांत टारझनच्या आफ्रिकन जंगलात एक पक्षी खदाखदा हसल्यासारखा ओरडतो. तो कूकाबरा, ऑस्ट्रेलियाचा. अर्ध्या जगाला आफ्रिकेचं जंगल म्हणजे तो आवाज असं वर्षानुवर्षं वाटत राहिलं. लक्षात येत नाही, हेच तर दुखणं आहे. ज्याच्या लक्षात येतं तो हसून पुढे जातो. ज्याच्या लक्षात येत नाही तो चुकीची गोष्ट आयुष्यभर बाळगतो. ढोल-ताशांचंही तेच. आज मिरवणुकीत घुमणारा पथकांचा ठेका हा गेल्या काही दशकांत घडलेला, शिस्तबद्ध, शहरी घाट आहे. मला तो आवडतो. पण सतराव्या शतकातल्या दालनात तोच वाजवला, तर गणेशोत्सवातली मिरवणूक किल्ल्यावर नेऊन ठेवल्यासारखं होतं. आणि पोरांना ते खरं वाटतं.

मग नमुने कुठे आहेत? आहेत, आणि ते काही रुक्ष नाहीत. बर्लिनच्या ज्यू म्युझियममध्ये डॅनियल लिबेस्किंडने इमारतीत रिकाम्या पोकळ्या सोडल्या आहेत. त्यातल्या एकीत मेनाशे कादिशमान या शिल्पकाराचे लोखंडी चेहरे, दहा हजारांहून जास्त, जमिनीवर पसरलेत. उघडी तोंडं, डोळ्यांची भोकं. त्यांच्यावरून चालत जायचं असतं. पाऊल पडलं की लोखंड लोखंडावर आपटतं आणि तो कर्कश खणखणाट उंच काँक्रीटच्या भिंतींतून परत येतो. एकही स्पीकर नाही. आवाज काढणारे तुम्ही, आणि तो काढल्याची जबाबदारीही तुमची. पुढचं पाऊल टाकावं की न टाकावं, अशा अवस्थेत लोक उभे राहतात. हा आवाज १९४२चा असल्याचा दावा करत नाही. तो आत्ताचा आहे, लोखंडाचा आहे, तुमच्या बुटाचा आहे. यात खोटं काय काढणार?

दुसरं उदाहरण पुनर्रचनेचं. इस्तंबूलच्या हाया सोफियामध्ये, ती संग्रहालय असताना, गाण्याला परवानगी नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिसेरा पेंचेवा आणि जोनाथन एबल यांच्या प्रकल्पासाठी तिथे चक्क फुगे फोडले गेले. फुग्याचा ‘फट्‌’ किती वेळ घुमतो, कसा विरतो, हे टिपलं. तिथला घुमार दहा सेकंदांहूनही लांब चालतो. त्यावरून त्या वास्तूचा प्रतिसाद गणिताने काढला आणि कापेला रोमाना या गायकवृंदाने बायझंटाइन स्तोत्रं दूर कॅलिफोर्नियात त्या घुमारात गायली. २०१९मध्ये त्यांचा संग्रह निघाला. काय टिपलेलं, काय मोजलेलं, काय गाणाऱ्यांच्या समजुतीवर सोडलेलं, हे सगळं सांगितलेलं आहे. आणि ऐकताना कुणाचा रसभंग झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट एक अक्षर उच्चारलं की ते घुमटात किती वेळ तरंगतं हे कळल्यावर त्या स्तोत्रांची संथ चाल का तशी आहे तेही उमगतं.

या प्रकल्पाबद्दल वाचताना मला सारखं विजापूर आठवतं. गोल घुमटाच्या सज्जात टाळी वाजवली की ती एकामागून एक परत येत राहते, हे शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथे ओरडायला जाणाऱ्यांची गर्दी इतकी असते की घुमटाचा स्वतःचा आवाज ऐकायला पहाटेच जावं लागतं. त्याच आवारात समोर नगारखाना आहे. त्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय भरलंय. जी वास्तू मुळात वाजवण्यासाठी बांधली तिथे आता मूक शिलालेख आणि शस्त्रं आहेत. मुहम्मद आदिलशहाच्या काळचा, सतराव्या शतकाच्या मध्याचा हा घुमट. शहाजीराजांनी ज्या दरबारी चाकरी केली त्या राजधानीतला. तिथे सकाळी लवकर चार फुगे फोडा, घुमार मोजा, आणि मग कुणा गायकाला त्यात उभं करा. ढोबळ ‘दरबारी’ सतार-संतूरच्या लूपपेक्षा ते स्वस्तही पडेल.

इथे कुणी म्हणेल, खरी वस्तूच वाजवली तर? तेव्हा तरी पाटी नको ना? १९३९मध्ये बीबीसीने कैरोच्या संग्रहालयातून तुतनखामेनच्या थडग्यातल्या दोन तुताऱ्या जगाला ऐकवल्या. एक चांदीची, एक तांब्याची. तीन हजार वर्षांहून जुनी वाद्यं, एप्रिल महिना, जग नव्या युद्धाच्या उंबरठ्यावर; प्रसंग मोठाच होता. वाजवणारा जेम्स टॅपर्न हा ब्रिटिश सैन्यातल्या बँडचा वादक. त्याने फुंक घालायला आधुनिक मुखनळी वापरली, आणि वाजवली ती त्याच्या बोटा-ओठांतली, म्हणजे विसाव्या शतकातल्या बँडवाल्याची चाल. मग आपण ऐकलं ते काय? तीन हजार वर्षांपूर्वीचा धातू आणि त्याच्या दोन्ही टोकांना विसावं शतक. रेकॉर्डिंग रोमांचक आहे, आणि इतकं सांगितल्यावरच ते पूर्ण समजतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या वाद्यांकडे पाहताना मला हे आठवतं. तिथली सारंगी उद्या कुणी वाजवली तर तार नवी असेल, जुळवणी आजची असेल, हात तर आजचा असेलच. वाजवावीच, पण हे सांगून. यॉर्कमध्ये उत्खननात लाकडी बासरीसारखं एक व्हायकिंग वाद्य सापडलं, त्यातून आजही पाच सूर निघतात. पाचच. त्यावर अख्खं वाद्यवृंदाचं पार्श्वसंगीत रचायचा मोह आवरणं हीच तिथली खरी कारागिरी.

मी कल्पनेच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. २०१५मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ‘साउंडस्केप्स’ नावाचं प्रदर्शन केलं. सहा चित्रं, सहा अंधाऱ्या खोल्या, आणि प्रत्येक चित्रापुढे एका कलावंताने केलेली ध्वनिरचना. क्रिस वॉटसन या निसर्गध्वनी टिपणाऱ्या नामांकित माणसाने फिनलंडच्या गालेन-काल्लेला यांच्या केइतेले सरोवराच्या चित्रासाठी रचना केली. जॅनेट कार्डिफ आणि जॉर्ज ब्यूरेस मिलर यांनी आंतोनेल्लो दा मेस्सिनाच्या संत जेरोमच्या अभ्यासिकेची लाकडी प्रतिकृतीच उभी केली. ब्रिटिश समीक्षकांनी प्रदर्शन फाडून खाल्लं. चित्राला आवाज लागतोच कशाला, हा सूर. मला ती टीका अस्थानी वाटली. चित्रासमोर एका कलावंताने स्वतःच्या नावाने दिलेलं ते उत्तर होतं. कुणाला आवडेल, कुणाला नाही; पण १९०५मध्ये सरोवर असंच वाजत होतं, असा आव त्यात नव्हता. नाव लावलेली कल्पना संग्रहालयात पूर्ण शोभते. बेनामी कल्पनेला मात्र तिथे जागा नाही. आपल्या दालनांतल्या टापांना ना नाव ना गाव, आणि तरी त्या इतिहास म्हणून वाजतात.

नावगाव असलेला आवाज आपल्याकडे नाही, अशातला भाग नाही. जुन्या घराचं दालन कुठल्याही संग्रहालयात असतं, आणि त्यात एक जातं असतंच. त्याच्याशेजारी काय वाजवाल? स्टुडिओत तानपुऱ्यावर, घोटीव गळ्याने गायलेली, ताल बांधलेली ओवी, असंच ठरलेलं उत्तर असतं. इकडे गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी दशकानुदशकं महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून बायकांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या साथीने त्यातल्या कितीतरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आता त्या पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहावर गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट ऐकायला मिळतात. त्यात खोकला आहे, मध्येच हसणं आहे, एकीची ओळ दुसरीने अर्ध्यात उचलणं आहे. जात्याची घरघर तर आहेच, आणि दळणाच्या ओझ्याने श्वास कुठे तुटतो तेही ऐकू येतं. ओवीची लय दगडाच्या फेऱ्यात आहे, हे घोटीव गळ्याला कधीच सांगता येणार नाही. तरीही ‘क्वालिटी चांगली नाही’ म्हणून हे बाजूला सारलं जातं. काचेमागची तलवार गंजलेली आहे म्हणून तिच्याऐवजी चकचकीत नवी ठेवा, असं म्हणायची त्यांची हिंमत होईल?

खऱ्या आवाजाने सगळे प्रश्न मिटतात असंही नाही, आणि इथे माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं सांगायचंय. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदुस्थानी शिपायांना बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत ठेवलं होतं. विल्हेल्म डोगेन आणि भाषातज्ज्ञांच्या मंडळाने त्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. प्रत्येकाचा तपशील लिहिलेला, नाव, गाव, बोली, सगळं. ११ डिसेंबर १९१६ला मल्ल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाने भोंग्यासमोर उभं राहून स्वतःचीच गोष्ट तिऱ्हाइताची असल्यासारखी सांगितली: एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी धरला, आता त्याला घरी जायचंय. तो संग्रह आज बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरममध्ये आहे. दाखला इतका चोख की वर मी मागितलेलं सगळं त्यात आहे. आणि तरी पाटीवर अजून एक ओळ लागते: हा माणूस कैदी होता, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक त्याला कितपत होती हे नोंदवहीत लिहिलेलं नाही. आवाज खरा असणं पुरत नाही. तो कुणी, कुणाकडून, कोणत्या परिस्थितीत काढून घेतला हेही सांगावं लागतं. आपल्याकडे आदिवासी दालनांत तारपा आणि ढोल वाजतात, तिथे वादकाचं नाव असतं का, त्याला मोबदला मिळाला का, हे पुढच्या वेळी जरूर विचारून पाहा.

उरलेले युक्तिवाद फारसे वजनदार नाहीत. आवाज असला की लोक दालनात जास्त वेळ थांबतात, हे सांगतात. थांबत असतील. वातानुकूलन चांगलं असलं तरी थांबतात. किती वेळ थांबले यापेक्षा बाहेर पडताना काय खरं समजून गेले, हे कुणी मोजत नाही. मुलांना कंटाळा येतो म्हणतात. मुलांना कंटाळा न येण्यासाठी त्यांना खोटं सांगावंच लागतं, ही मुलांबद्दलची फार हलकी समजूत आहे. कूकाबराची गोष्ट कुठल्याही मुलाला सांगून पाहा, तो दालनभर प्रत्येक आवाजाखाली पाटी शोधत फिरेल.

आणि एका माणसाबद्दल ही रचना करणारे चकार शब्द काढत नाहीत. प्रेक्षक दालनात दहा मिनिटं असतो. पहारेकरी आठ तास. तीन-चार मिनिटांचा लूप म्हणजे एका पाळीत सव्वाशे-दीडशे वेळा तोच हिनहिनाट. म्हणून कित्येक ठिकाणी पहारेकरी, वरिष्ठांची पाठ फिरली की, आवाजाचा कान पिळून ठेवतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. आवाज सतत ओतत राहण्याऐवजी प्रेक्षकाने कळ दाबल्यावर, एकट्याच्या कानापुरता वाजेल अशी सोय कधीच झालेली आहे. दिशा धरणारे स्पीकर आहेत, कानाला लावायचे साधे रिसीव्हर आहेत. ज्याला ऐकायचंय तो ऐकेल, त्याआधी पाटीही वाचेल.

हे सगळं करायला नवं खातं लागत नाही. निविदा काढताना स्पीकर किती वॅटचा, केबल किती मीटर, अँप्लिफायर कुठल्या दर्जाचा हे बारकाईने लिहिता. त्याच तक्त्यात ‘ध्वनी सामग्री’ या ओळीपुढे एकरकमी आकडा न टाकता प्रत्येक आवाजाचा उगम मागा. ध्वनिसंचातून विकत घेतला असेल तर त्या संचाचं नाव आणि तो मुळात कुठे टिपला ते. वादक असेल तर त्याचं नाव आणि मानधनाची पावती. कल्पिलेला असेल तर कल्पिणाऱ्याची सही. वस्तू दाखल करताना नोंदवहीत जो क्रमांक देता तसाच आवाजालाही द्या, आणि ज्याचा रकाना रिकामा राहील तो त्या दिवशी वाजवू नका. पुढच्या दालनाच्या उद्‌घाटनाला अजून वेळ असेल. तोवर एखाद्याने भीमथडीचा तट्टू शोधून कातळावरून पळवावा आणि टापा टिपून आणाव्यात.